बसायला जागा हवी

आमच्या सोसायटीच्या गेल्या वार्षिक सभेत शेवटून दुसरा विषय मी घातलेला होता. तळमजल्यावर वाचनालयाची म्हणून एक खोली आहे. पुस्तकं वाळवीने कधीच संपवली. आता तिथे गणपतीच्या मखराच्या फळ्या, पाय तुटलेला कॅरमबोर्ड आणि कुणाच्या तरी मुलाची लहानपणची सायकल असते. ही खोली आठवड्यातून एकदा, संध्याकाळी दीड तास, भाड्याने मागितली होती. मागणारे होते दारू सोडलेले आणि सोडू पाहणारे लोक. भाडं ते देणार, खुर्च्या तेच लावणार, तेच उचलणार. एका काकांनी विचारलं, "म्हणजे आपल्या आवारात बेवडे येणार?" चार मिनिटांत विषय निकालात निघाला. त्यानंतरचा विषय पार्किंगचा होता. तो पाऊण तास चालला.

एकतीस डिसेंबरच्या रात्री आमच्या गच्चीवर काय असतं, हे त्या सभेतल्या प्रत्येकाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी भंगारवाला दोन पोती बाटल्या नेतो, आणि कोथरूडमधली ही काही एकमेव गच्ची नव्हे. तेव्हा आवारात पिणारे चालतात. पिणं थांबवलेल्यांची मात्र अडचण होते.

दारूसाठी मराठीत शब्द फार मवाळ आहेत. माणूस दारू पीत नाही, 'घेतो'. मित्र जमतात ते 'बसायला'. "आज बसायचं का?" एवढं विचारलं की कुठे, कशाला, किती वेळ, काही सांगावं लागत नाही. बसायच्या जागाही पुष्कळ. पुण्यातल्या कुठल्याही चौकात उभं राहून जवळचं वाइन शॉप विचारा, आयुष्यात थेंब न घेतलेला माणूससुद्धा हात करून दाखवेल. त्याच चौकात विचारून बघा, की दारू सोडायला धडपडणारी माणसं इथे कुठे जमतात. गट नाहीत असं नाही. पुण्यात ते आहेत, वर्षानुवर्षं चालू आहेत. पण ते सापडणं आपण नशिबावर सोडलं आहे. हा दुसरा पत्ता गावाला तोंडपाठ नसावा हा गावाचा दोष आहे, गटांचा नाही, असं माझं म्हणणं आहे.

हे मी लांबून बोलत नाही. माझा धाकटा भाऊ चाळिशी उलटेपर्यंत 'घेत' होता. पुढे आम्ही तो शब्द वापरायचं सोडून दिलं. त्याच्या परवानगीने लिहिते आहे. डॉक्टरांनी यकृताचा रिपोर्ट पाहिला, गोळ्या लिहिल्या आणि मान वर न करता म्हणाले, "आणि एखादा ग्रुप जॉइन करा." सल्ला उत्तम होता. फक्त कुठला ग्रुप, कुठल्या वारी, कुठल्या जिन्याने वर, हे त्यात नव्हतं.

आम्ही शोधलं. एका दवाखान्याच्या फळ्यावर पिवळा पडलेला कागद होता, त्यावरचा फोन बंद. एका शाळेत मिटिंग भरते असं कळलं म्हणून गेलो, तर रखवालदार म्हणाला, "पालकसभा शनिवारी असते." भाऊ तिथल्या तिथे वळला. परत फिरायला त्याला तेवढं निमित्त पुरे होतं. ज्यांच्या घरात हे आहे त्यांना मी समजावून सांगायला नको. दारू सोडायचा निश्चय आमच्याकडे साधारण सकाळी साडेआठला व्हायचा आणि संध्याकाळी सहापर्यंत टिकायचा. त्या साडेनऊ तासांत पत्ता सापडावा लागतो. आम्हाला आठ महिने लागले.

सापडला तो कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यांकडे. मी कपड्यांचं गाठोडं ठेवलं तेव्हा त्यांनी इस्त्री उभी केली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "ताई, दादांना तिकडे न्यायचं असेल तर मी जातो दर बुधवारी. अकरा वर्षं झाली मला." अकरा वर्षं हा माणूस आमच्या घरापासून पन्नास पावलांवर होता. बुधवारी ते स्कूटरवरून आले. हातात दुसरं हेल्मेट. पुण्यात माणूस स्वतःच्या डोक्यावर हेल्मेट घालायला कुरकुरतो, हे दुसऱ्यासाठी घेऊन आले होते. माझा इंजिनियर भाऊ काही न बोलता त्यांच्या मागे बसला.

ज्या चळवळीचा हा गट, तिची सुरुवातच मुळी अशा शोधाशोधीतून झाली. मे १९३५. न्यू यॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस अमेरिकेतल्याच ॲक्रन गावी आला होता. कामात तोंडघशी पडला होता. दारू सुटून जेमतेम पाच महिने झालेले. हॉटेलच्या लॉबीत एकीकडे बार, दुसरीकडे फोन आणि गावातल्या चर्चची यादी. आज न पिता राहायचं तर आपल्यासारख्याच एखाद्या पिणाऱ्याशी बोललं पाहिजे, एवढं त्याला कळलं होतं. यादीतले नंबर फिरवत फिरवत तो डॉ. बॉब स्मिथ या सर्जनपर्यंत पोचला. १० जून १९३५ ला डॉ. बॉबने शेवटचा घोट घेतला, आणि अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, तोच आपला जन्मदिवस धरते. भारतात ती १९५७ मध्ये मुंबईला सुरू झाली. ही गोष्ट सांगताना बहुतेक जण बिलच्या धैर्याबद्दल बोलतात. माझं लक्ष मात्र त्या यादीकडे जातं. ती तिथे नसती तर बार होताच.

शिवाय बिल डॉ. बॉबवर उपकार करायला निघाला नव्हता. तो स्वतःला वाचवायला फोन करत होता. या गटांची सगळी किल्ली तिथे आहे, आणि बाहेरच्याला नेमकी तीच दिसत नाही. पुढे एका खुल्या मिटिंगला, म्हणजे घरचे आणि इतर कुणीही येऊ शकतात अशा बैठकीला, मी गेले होते. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, स्टीलच्या किटलीत चहा, भिंतीवर एएच्या बारा पायऱ्यांचा, म्हणजे दारूतून बाहेर पडायच्या टप्प्यांचा तक्ता. एकेक जण नाव सांगायचा, नुसतं पहिलं नाव, मग "मी अल्कोहोलिक", आणि मग आपली हकिकत. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, च्यक च्यकसुद्धा करत नाही. दारू सोडून तीन दिवस झालेला एक मुलगा होता. कागदी कप दोन्ही हातांनी धरला होता तरी चहा हिंदकळत होता. नंतर जिन्यात नऊ वर्षं झालेले एक गृहस्थ मला म्हणाले, "मॅडम, आज त्याचे हात बघितले. माझा महिना निघाला."

नवा माणूस तिथे मदत घ्यायला आलेला वाटतो. खरं म्हणजे जुन्यांचं औषध तोच असतो. म्हणूनच तिथे फी नाही. मी फिरत्या पिशवीत पन्नासची नोट टाकायला गेले तर हात मागे सारला गेला: बाहेरच्यांचे पैसे ते घेत नाहीत, खर्च आपसांत भागवतात. सदस्य व्हायला अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. तेव्हा पैसे मागणारा, गोळ्या बंद करा म्हणणारा किंवा घरच्यांना बोलावून अर्ज भरून घेणारा कुणी भेटला तर ती जागा दुसरीच काहीतरी आहे असं समजावं. गटाला कुलूप नसतं. रात्री गाडी पाठवून माणूस उचलून नेणारी जी काही केंद्रं असतात त्यांच्याशी गटाची गल्लत करू नये. आमच्या काकांची बहुधा तीच झाली होती.

याने खरंच दारू सुटते का, असं डॉक्टरमंडळी विचारतात, आणि विचारावंच. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती. एएची वाट धरायला लावणाऱ्या उपचारांतल्या ४२ टक्के लोकांची दारू वर्षानंतर पूर्ण बंद होती. इतर मानसोपचारांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. म्हणजे जादू नाही. शंभरातले अठ्ठावन्न त्या वर्षाच्या टोकाला कोरडे नव्हते, आणि "ग्रुपला घाला, सुटेल" असं छातीठोक सांगणाऱ्या नातेवाइकांनी हाही आकडा लक्षात ठेवावा. पण फुकट मिळणारी, घराजवळची आणि जन्मभर चालणारी गोष्ट महागड्या उपचारांच्या तोडीची ठरत असेल तर ती शेवटचा उपाय म्हणून कपाटात का ठेवायची?

मला त्याहून बोलका वाटतो तो १९८१ मधला एक अगदी छोटा अमेरिकन प्रयोग. माणसं फक्त वीस. दहा जणांना एएच्या बैठकीची माहिती दिली आणि जायला सांगितलं. उरलेल्या दहा जणांसाठी तिथेच, समुपदेशकाच्या खोलीतून, गटातल्या सदस्याला फोन लावला, बोलणं करून दिलं, आणि बैठकीला घेऊन जायची सोय त्या सदस्याने केली. पहिल्या दहांतला एकही गेला नाही. दुसऱ्या दहांतले सगळे गेले. वीस माणसांवरून सिद्धान्त मांडू नयेत हे मला कळतं. पण "एखादा ग्रुप जॉइन करा" आणि दुसरं हेल्मेट यांत काय अंतर आहे ते मी घरी पाहिलं आहे.

आपल्याकडे हे अंतर केवढं आहे? केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या २०१९ च्या पाहणीत, दारूवर अवलंबून असलेल्या साधारण ३८ जणांपैकी एकाने कुठली ना कुठली मदत मिळाल्याचं सांगितलं. बाकीच्या सदतीस जणांना कुठे जायचं हे ठाऊक होतं आणि ते गेले नाहीत, असं मानायला मी तयार नाही.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं. गट 'अनामिक' आहे ना, मग त्याचा पत्ता कसा सांगायचा? हा गोंधळ सुशिक्षितांतही आहे. झाकायचं ते माणसाचं नाव, खोलीचं नाही. एएची परंपरा अशी की स्वतःची जाहिरात करायची नाही, सदस्याचा चेहरा वर्तमानपत्रात द्यायचा नाही, कुणाचं अनुदान घ्यायचं नाही. जे स्वतःचा डंका वाजवू शकत नाहीत त्यांचा पत्ता सांगणं हे मग बाकीच्यांचंच काम उरतं. डॉक्टर, केमिस्ट, शाळा, कारखान्यातला एचआर, सोसायटीचा सेक्रेटरी. आपण उलटं करतो. त्यांचा संकोच आपल्या सोयीचा म्हणून पांघरून घेतो.

दारूवरची आपली सार्वजनिक चर्चा तशी जुनी आहे. १८८० मध्ये, पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, जोतीराव फुल्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिलं होतं. बायकांनी मतदान करून गावातली बाटली 'आडवी' करण्याची सोय आपल्या राज्यात आहे, आणि ते लढे मोलाचे आहेत. दुसऱ्या टोकाला व्यसनमुक्ती केंद्रं. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुलं आणि सुनीताबाईंच्या पाठबळावर येरवड्याला मुक्तांगण सुरू केलं. पुण्याला त्याचा अभिमान आहे आणि असावा. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, आणि त्याच दिवशी पुण्यात अनिल अवचट गेले. तो निर्णय पुढे विरोधात अडकला. पण त्या दिवसांतले वाद ऐकताना वाटत होतं, आपल्याला फक्त दुकान दिसतं नाहीतर केंद्र. दुकान उघडायचं की बंद करायचं आणि माणूस भरती करायचा की नाही. केंद्रातून घरी आल्यावरच्या संध्याकाळी कुणाच्याच हिशेबात नसतात. मुक्तांगणने हे ओळखलं होतं. बाहेर पडलेल्यांसाठी पाठपुरावा गट आणि पत्नींसाठी 'सहचरी' हे त्यातूनच आले. पण एका संस्थेने ओळखून भागत नाही. केंद्रातला महिना कसाही निघतो, त्यानंतरचा पहिला पगाराचा दिवस निघत नाही.

हा विचार आपल्याकडे परका नाही. माझ्या आजोळी दोन-तीन घरांतले पुरुष माळ घालून दारूतून सुटले. लोक म्हणायचे, माळेचा गुण. असेल. पण मी पाहिलं ते असं की माळ घातलेला माणूस त्याच संध्याकाळपासून भजनाला बसायचा, इतर माळकऱ्यांच्या शेजारी. ज्या वेळेला गुत्त्याकडे पाय वळायचे नेमक्या त्या वेळेला हातात टाळ असायचे. आषाढात दिंडी. चुकलाच तर दुसऱ्या दिवशी दारात दोघं येऊन उभे. नुसती माळ घालून घरात एकटे बसलेले किती टिकले, विचारू नका. देवापुढे शपथ घ्यायला लावणाऱ्या आयांना आणि बायकांना मी एवढंच म्हणेन, की शपथेबरोबर शेजारही द्या.

देवाचं नाव निघालंच आहे तर तो आक्षेपही घेते. बारा पायऱ्यांत 'आपापल्या समजुतीप्रमाणे' का होईना, परमेश्वर येतो. माझा भाऊ पक्का नास्तिक. पहिल्या महिन्यात तो प्रार्थनेच्या वेळी चपला शोधायचे निमित्त करून बाहेर उभा राहायचा. कुणी हटकलं नाही. आता तो आत असतो आणि गप्प असतो. सगळ्यांना हे जमेल असं नाही. ज्याला घशाखाली उतरत नाही त्याने पाठपुराव्याचे, समुपदेशकांनी चालवलेले गट पाहावेत. एएतही एका गटावरून ठरवू नये. एका खोलीत इंग्रजी चालतं, दुसरीत फक्त निवृत्त मंडळी, तिसरीत रिक्षावाले आणि बँकवाले मांडीला मांडी लावून. चार ठिकाणी बसून बघावं. भाषेचा मुद्दा मला फार मोठा वाटतो. भाऊ ऑफिसात दिवसभर इंग्रजीत बोलतो, पण बायकोच्या बांगड्या विकल्या हे त्याला मराठीतच सांगता आलं.

एक गोष्ट मात्र ठामपणे. गट हा डॉक्टरला पर्याय नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्यांनी खोलीत कोंडून एकाएकी तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, भास, कधीकधी मृत्यूही. आधी दवाखाना, मग खुर्ची.

आणि बायका. नवऱ्याच्या दारूने पिचलेल्या बायकांसाठी, घरच्यांसाठी, अल-अनॉन हे वेगळे गट १९५१ पासून आहेत. माझी भावजय पहिल्यांदा म्हणाली, "मला कशाला? मी थोडीच पिते?" आता ती भावापेक्षा नियमित जाते. पण ज्या बायका स्वतः पितात त्यांनी साडेसातला पुरुषांनी भरलेल्या खोलीत जाऊन काय सांगायचं? दुपारची वेळ, बायकांचा गट, मूल घेऊन बसता येईल अशी जागा हवी. पुरुषाची दारू गल्लीला ठाऊक असते, बाईची तिच्या आईलासुद्धा नसते.

मागणं तसं किरकोळ आहे. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात, समाजमंदिरं लग्न नसेल त्या दिवशी कुलपात असतात. त्यातली एकेक खोली दीड तास, रीतसर भाडं घेऊन द्या; अनुदान कुणी मागितलेलं नाही, दिलंत तरी ते घेणार नाहीत. प्रत्येक ओपीडीत, केमिस्टकडे आणि हो, परमिट रूमच्या गल्ल्याशेजारीसुद्धा, त्या भागातल्या गटाचा वार, वेळ आणि जिना लिहिलेला कागद हवा, दर सहा महिन्यांनी बदललेला. खाली १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. डॉक्टरांनी पेशंट समोर असतानाच एक फोन लावावा. दोन मिनिटं लागतात. बाटलीवरच्या वैधानिक इशाऱ्याने आजवर किती जणांची सोडवली मला ठाऊक नाही, पण त्याखाली पत्ता असता तर आमचे आठ महिने वाचले असते.

काकांना हे सगळं मी नंतर लिफ्टमध्ये सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "तुमचं म्हणणं बरोबर आहे हो, पण आपल्याच इथे कशाला?" पुढच्या सभेत विषय पुन्हा घालणार आहे, या वेळी पार्किंगच्या आधी.

गेल्या मंगळवारी रात्री आम्ही माझ्याकडे जेवत होतो. भावाचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तो ताटावरून उठून गॅलरीत गेला, पाठ करून बराच वेळ ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, "नाही, आत्ता नका येऊ कुठे. आज फक्त झोपेपर्यंत. उद्या बसू ना, साडेसातला. डेक्कनला उभे राहा, मी येतो." आत आला, आमटी गार झाली होती ती तशीच संपवली आणि भावजयीला विचारलं, "ते दुसरं हेल्मेट कुठे ठेवलंयस गं?"